गोष्ट आणि विनोद असलेला फायटिंग गेम सुचवा (पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४)

चिंचबोर:
सुट्टीत भाची राहायला येतेय, वय तेरा. मला फायटिंग गेम मनापासून आवडतात, तिला मात्र मारामारीपेक्षा 'हे दोघं भांडतायत कशावरून?' यातच जास्त रस. गोष्ट धड असेल, हसायला येईल आणि रक्ताचे सडे पडणार नाहीत असं काही सुचवा. ती नवशिकी आहे, कॉम्बो (एकापाठोपाठ एक जोडलेले फटके) वगैरे जमत नाहीत.

मधली_सुट्टी:
टेकन ७ घ्या, डोळे झाकून. गोष्ट मिशिमा घराण्याच्या भाऊबंदकीची. हेहाची आपल्या पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून खाली फेकतो आणि तिथून बाप, मुलगा, नातू एकमेकांच्या जिवावर उठतात. हा भाग भाचीला आधी सांगून ठेवा.

आता विनोद. एवढी भयंकर गोष्ट चालू असताना त्याच घरात कुमा नावाचं अस्वल आहे, तेही स्पर्धेत उतरतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. हेहाची जपानीत बोलतो, पॉल इंग्रजीत, ह्वारांग कोरियनमध्ये, कुमा गुरगुरतो, तरी सगळ्यांना सगळं कळतं. ना दुभाष्या, ना खुलासा. पात्रं स्वतः एकदाही हसत नाहीत, म्हणून आपली हसून पुरेवाट होते. मला हा विनोद फार थोर वाटतो.

स्टोरी मोडमध्ये एक बटण धरून दुसरं दाबलं की अवघड चाली आपोआप निघतात, त्यामुळे नवशिक्यांचं अडत नाही.

रात्रपाळी:
टेकन ७ ला अनुमोदन, पण मुख्य कथेपासून सुरुवात करू नका. निवेदन करणारा पत्रकार अगदी एकसुरी बोलतो, तेरा वर्षांची मुलगी कंटाळेल. बाकीच्या पात्रांची छोटी प्रकरणं आधी खेळा. प्रत्येकात एकच लढत आणि मग शेवटची फिल्म.

आणि गॅलरी विसरू नका! खेळून मिळालेल्या पैशांत टेकनच्या जुन्या भागांतल्या फिल्म उघडता येतात. टेकन ५ मधला हेहाचीचा शेवट आवर्जून दाखवा. वडील जिनपाची, मुलगा काझुया, नातू जिन, सगळ्यांना रॉकेटला करकचून बांधलंय आणि हेहाची त्यांना आकाशात उडवून देतो. चार पिढ्यांचं वैर दोन मिनिटांत निकालात, आणि त्यात त्याला झालेला आनंद बघण्यासारखा आहे. पटकथा लिहिणाऱ्यांनी अभ्यास करावा इतकी ती फिल्म नेटकी आहे.

गुलाबी_गी:
कुणी डॅन हिबिकीचं नाव कसं घेतलं नाही? एसएनके कंपनीच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'मधले नायक स्ट्रीट फायटरच्या र्यू-केन या नायकांसारखे दिसायचे. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमने त्याला उत्तर म्हणून १९९५ च्या 'स्ट्रीट फायटर अल्फा'त डॅन आणला. गुलाबी पोशाख, शेंडी, आणि र्यूचा हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) पडदा पार करतो तिथे डॅनचा गादोकेन हातभर जाऊन विझतो. अल्फा २ मध्ये तर सुपरची (सगळ्यात जोरदार चालीसाठी साठवलेली) ताकद खर्च करून तो समोरच्याला नुसत्या वाकुल्या दाखवतो, कोलांट्या मारतो. दुखापत शून्य! इथे विनोद संवादात नाही, चालीत आहे. खेळणाऱ्याच्या हाताला तो कळतो, आणि हे फक्त गेमलाच जमतं. '३० थ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये अल्फाचे तिन्ही भाग आहेत, पीएस४ वर चालतं.

मधली_सुट्टी:
@गुलाबी_गी, शंभर टक्के. फक्त त्यात सलग गोष्ट मिळणार नाही, ती टेकनमध्येच.

खरवस:
भाची झोपल्यावर तुमच्यासाठी: मॉर्टल कॉम्बॅट ११. काळाची उलथापालथ होऊन तरुण जॉनी केज आणि मुलीचा बाप झालेला जॉनी केज समोरासमोर येतात. तरुण जॉनीची बढाईखोरी ऐकून थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लढतीआधी प्रत्येक जोडीचे वेगळे संवाद, तेही चुरचुरीत. पण खेळ अतिशय रक्तबंबाळ, मुलांसमोर मुळीच लावू नका.

चिंचबोर:
सगळ्यांचे आभार. टेकन ७ घेतेय, आधी छोटी प्रकरणं, मग गॅलरी. डॅनसाठी कलेक्शनही यादीत टाकलंय. एक विचारायचं राहिलं: छोट्या प्रकरणांत पहिलं कुणाचं लावू? कुमाचं की पॉलचं?

रात्रपाळी:
कुमाचं. अस्वल दिसलं की ती कंट्रोलर सोडणार नाही.