कालावधी, मुदत की अंतर? सॉफ्टवेअरमधल्या तारखांचे शब्द

प्रश्न

तारीख-वेळ सांभाळणाऱ्या एका लायब्ररीची (प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाची) माहितीपानं मराठीत आणतो आहे. अडलं ते 'ड्युरेशन' आणि 'पीरियड' या जोडीवर. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीत (२०१४) हे दोन वेगळे प्रकार आले. ड्युरेशन म्हणजे सेकंद-नॅनोसेकंदांत मोजलेला वेळ, पीरियड म्हणजे वर्षं, महिने, दिवस. मराठीत दोन्हींना 'कालावधी' म्हणायची सवय आहे, त्यामुळे "कालावधी आणि कालावधी यांत गल्लत करू नका" असलं वाक्य तयार होतंय. शिवाय 'पार्स' (लिहिलेल्या मजकुरातून तारीख वाचून काढणं) आणि 'फॉरमॅट'ला (तारीख ठरावीक रूपात लिहून दाखवणं) काय म्हणावं? 'पदच्छेद' आणि 'स्वरूपण' हे सुचवण्यात आलेले शब्द मला पटत नाहीत.

प्रतिसाद

ड्युरेशनला 'कालावधी' राहू द्या. घड्याळाने मोजता येतो तो कालावधी. पीरियडसाठी 'मुदत' घ्या. आपण "एक महिन्याची मुदत" म्हणतो तेव्हा महिना २८ दिवसांचा आहे की ३१, याची फिकीर करत नाही. या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत, एवढंच डोक्यात असतं. पीरियडही नेमकं तेच करतो. पायथन भाषेतल्या टाइमडेल्टा या कालावधीच्या प्रकारात महिना हे एकक मुळातच नाही, ते याचमुळे: महिन्याची लांबी ठरलेली नसते.

प्रतिसाद

'मुदत' आवडला, पण तो सगळीकडे बसणार नाही. मुदत संपते, वाढवून मिळते, टळून जाते. त्या शब्दात पुढे कुठेतरी एक शेवट ठरलेला असतो. जन्मतारखेवरून वय काढलं आणि "३ वर्षं २ महिने" आलं, तर त्याला मुदत कोण म्हणेल? तिथे साधं 'तारखांमधलं अंतर' म्हणा.

हे अंतर आणि कालावधी किती वेगळे पडू शकतात ते सामोआत दिसलं. त्या देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे जाण्यासाठी २०११ सालचा ३० डिसेंबर हा दिवस गाळला. तिथल्या २९ डिसेंबरच्या दुपारपासून ३१ डिसेंबरच्या दुपारपर्यंत तारखांमधलं अंतर दोन दिवस, कालावधी मात्र २४ तास. उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे करणाऱ्या देशांत तर दरवर्षी एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो.

मूळ प्रश्नकर्ता

म्हणजे तारखेत पुढे मिळवायचा असेल तर 'मुदत', दोन तारखांवरून काढला असेल तर 'अंतर', आणि ड्युरेशनला 'कालावधी'. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द झाले, पण वाचणाऱ्याला अर्थ लागेल. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातली खूणही या फरकासकट समजावता येईल: 'पी१एम' म्हणजे एक महिना, 'पीटी१एम' म्हणजे एक मिनिट. मधल्या एका 'टी'वर सगळी भिस्त.

प्रतिसाद

पार्सबद्दल. 'पदच्छेद' व्याकरणाच्या तासाला ठीक. प्रोग्रामर आपसात "तारीख पार्स केली" असंच बोलतात, माहितीपानांत तेच ठेवा. वापरणाऱ्याला दिसणाऱ्या संदेशात मात्र 'ओळखणे' हे क्रियापद वापरा: "तारीख ओळखता आली नाही." आणि "अशी तारीख नाही" हा संदेश त्याहून वेगळा ठेवा. '०५/०३' मध्ये पाच मार्च की तीन मे हे ठरवता न येणं ही ओळखण्याची अडचण. ३१ फेब्रुवारी ओळखता येते, फक्त ती अस्तित्वात नाही. हा फरक शब्दांपुरता नाही. जावाचा नेहमीचा पार्सर तुम्ही दिलेल्या साच्याने (उदा. दिवस/महिना/वर्ष) वाचताना अशा तारखेला गुपचूप फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसावर आणून बसवतो. कडक पद्धत मागितली तरच तक्रार करतो. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना, दिवस असे आकडे देऊन तारीख बनवली तर तीच मार्चमध्ये सरकते.

फॉरमॅटला 'साचा' (नाम) आणि 'साच्यात मांडणे' (क्रियापद). 'स्वरूपण' म्हटल्यावर मला तरी आधी डिस्क आठवते.

प्रतिसाद

साच्याचा विषय निघालाच आहे तर: साच्यातली अक्षरं भाषांतरात अजिबात हलवू नका. जावाच्या साच्यात छोटा 'वाय' म्हणजे नेहमीचं वर्ष, मोठा 'वाय' म्हणजे आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात धरला जातो ते). मोठा लिहिला तर डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत पुढचं साल छापून येऊ शकतं, आणि बाकीचं वर्षभर सगळं सुरळीत दिसतं. छोटा 'एम' मिनिटांचा, मोठा महिन्यांचा.

प्रतिसाद

मला खरी काळजी पुढच्या पायरीची वाटते, म्हणजे छापून येणाऱ्या मराठीची. "२ दिवस" आणि "पूर्वी" हे दोन तुकडे कोडमध्ये जोडले की "२ दिवस पूर्वी" तयार होतं. मराठीत सामान्यरूप लागतं: १ दिवसापूर्वी, २ दिवसांपूर्वी, २ महिन्यांपूर्वी. जावास्क्रिप्टच्या मोमेंट लायब्ररीच्या मराठी फाइलमध्ये म्हणूनच प्रत्येक एककाची वेगवेगळी रूपं ठेवली आहेत, सुटं 'एक दिवस' आणि प्रत्ययासाठी 'एका दिवसा'.

भविष्यकाळात मात्र ठिकठिकाणी "३ दिवसांमध्ये" दिसतं, ते मला साफ चूक वाटतं. "३ दिवसांत" म्हणजे तीन दिवस उलटायच्या आत कधीही. तिसऱ्या दिवशीच घडणार असेल तर "३ दिवसांनी". इंग्रजीचा 'इन' दोन्ही अर्थ पोटात घेतो, आपले प्रत्यय घेत नाहीत. "पासवर्ड ३ दिवसांमध्ये संपेल" वाचून माणूस आजच धावेल!

मूळ प्रश्नकर्ता

नोंद केली. उलट बाजूचं काय? वापरणाऱ्याने "आठ दिवसांनी आठवण कर" असं लिहिलं तर किती दिवस मिळवायचे?

प्रतिसाद

सात. :) बोलण्यातले 'आठ दिवस' म्हणजे आठवडा आणि 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे; आजचा दिवस धरून मोजायची ही रीत. फ्रेंचमध्येही असंच आहे, तिथेही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात. माझं मत: अक्षरी लिहिलं असेल तर आठवडा धरा, आकड्यात '८' लिहिलं असेल तर आठच. आणि दोन्ही वेळा निघालेली तारीख वारासकट दाखवून विचारा.

'परवा' त्याहून अवघड. "परवा भेटलो" आणि "परवा भेटू" यांत चार दिवसांचं अंतर आहे आणि ते फक्त क्रियापदावरून कळतं. आठवणीच्या चौकटीत तो पुढचा, जुन्या नोंदी शोधण्याच्या चौकटीत मागचा धरता येतो. क्रियापद नसलेल्या मोकळ्या मजकुरात अंदाज करूच नका.

प्रतिसाद

'दीड महिना'ही यादीत घाला. 'अडीच तास' आणि 'पावणेदोन तास' सरळ आहेत, दीडशे मिनिटं आणि एकशेपाच मिनिटं. पण अर्धा महिना किती दिवसांचा? जावाचा पीरियड अपूर्णांक घेतच नाही. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा एक महिना आणि पंधरा दिवस असतात, आणि हे पंधरा मोजून पंधरा की वरच्या हिशोबाचे चौदा, ते त्यालाच विचारावं लागेल.

अंकांचंही पाहून घ्या. पायथन '२०२४' हे देवनागरी अंक थेट संख्येत बदलतो, जावास्क्रिप्टचं नेहमीचं रूपांतर 'संख्या नाही' असं उत्तर देतं. साच्यात मांडताना देवनागरी अंक छापायचे आणि तीच तारीख परत चिकटवल्यावर "ओळखता आली नाही" म्हणायचं, असं होऊ देऊ नका.