जुगारामागची कारणं मोजताना एकूण गुण काढावेत का?

प्रश्न
जुगार खेळणाऱ्या प्रौढांचं सर्वेक्षण करायचं आहे. गॅम्बलिंग मोटिव्ह्ज क्वेश्चनेअर, म्हणजे जीएमक्यू, वापरणार आहे: १५ विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण. सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा घेतला तर चालेल का? आणि 'पैसे जिंकायला खेळतो' हे कारण यात कुठेच दिसत नाही, ते कसं मोजायचं?

प्रतिसाद १
बेरीज अजिबात करू नका. २००८ ची ही प्रश्नावली दारू पिण्यामागची कारणं विचारणाऱ्या प्रश्नावलीवर बेतलेली आहे. उत्तेजना, त्रासदायक भावनांपासून सुटका आणि सोबत या तीन सबस्केल (म्हणजे प्रश्नावलीतले वेगळे मोजायचे भाग), प्रत्येकी ५ विधानं, म्हणून प्रत्येकीचे गुण ५ ते २०. समजा एकाचे गुण अनुक्रमे १८, ६, १० आले आणि दुसऱ्याचे १०, १८, ६. बेरीज दोघांचीही ३४. पण पहिला थरारासाठी खेळतो, दुसरा मन उदास झालं की. समुपदेशकाला नेमका हाच फरक कळायला हवा, आणि बेरजेत तोच पुसला जातो. तिन्ही गुण वेगळे मांडा, अल्फाही, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात (अंतर्गत सुसंगती) ते सांगणारा आकडाही, सबस्केलनिहाय काढा.

प्रतिसाद २
पैशांसाठी जीएमक्यू-एफ ही सुधारित आवृत्ती घ्या, तिच्यात आर्थिक कारणांची स्वतंत्र सबस्केल आहे. मनानेच एखादं विधान जोडू नका. एकट्या विधानाची अंतर्गत सुसंगती तपासता येत नाही.
'मोठी रक्कम लागावी' आणि 'हरलेले पैसे परत मिळवावेत' हे मात्र एकाच विधानात कोंबू नका. दुसरं खरं तर समस्येचं लक्षण आहे. पीजीएसआय, म्हणजे जुगाराची समस्या किती गंभीर आहे ते मोजणारी प्रश्नावली, तिच्या ९ प्रश्नांत ते विचारलेलंच असतं. दोन्हीकडे आलं की कारण आणि समस्या यांचा सहसंबंध फुगतो आणि आर्थिक कारण उगाच धोकादायक दिसतं.

प्रश्नकर्ता
पीजीएसआयही घेणारच आहे. मग क्रम कसा ठेवू?

प्रतिसाद १
आधी कारणं, मग पीजीएसआय. नुकसानीचे प्रश्न आधी आले की माणूस सावध होतो आणि 'मजेसाठी खेळतो' असं सांगून मोकळा होतो. नाव न विचारता, ज्याचं त्याला भरू द्या.
नमुन्यात गेल्या १२ महिन्यांत खेळलेलेच लोक हवेत. अधूनमधून खेळणारेच जास्त आले, तर सुटकेच्या विधानांवर १ चा ढीग पडतो. चारच पर्याय असल्याने घटक विश्लेषणात (कोणती विधानं एका गटात पडतात ते तपासताना) उत्तरं क्रमवाचक, म्हणजे फक्त कमी-जास्त क्रम सांगणारी, धरा.

प्रतिसाद ३
एक राहिलं. सर्वांत जास्त पैसे कोणत्या खेळावर लावता ते आधी विचारा आणि सगळी उत्तरं त्याच खेळाबद्दल घ्या. लॉटरी आणि पत्ते दोन्ही खेळणारा माणूस नाहीतर प्रत्येक विधानाला मनात वेगळा खेळ धरतो.