गव्हाच्या कॅलसला मुळं फुटतात, कोंब येत नाही: मदत हवी आहे

गव्हांकुर:

नमस्कार मंडळी,

गव्हाच्या टिश्यू कल्चरमध्ये (पोषक मीडियावर पेशींपासून रोप वाढवण्यात) हात बसलेलं कोणी इथे असेल तर मदत हवी आहे. काम जीनोम एडिटिंगचं आहे. क्रिस्परची (जनुक नेमक्या जागी कापून बदलणाऱ्या साधनाची) तयारी झाली आहे, पण एडिट झालेल्या पेशीपासून अख्खं रोप उभं राहिलं नाही तर त्या तयारीचा उपयोग काय? घोडं तिथेच पेंड खातंय.

पद्धत नेहमीचीच. दाणा दुधात असताना ओंब्या काढते, दाणे निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या टेबलावर) सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण सोडवते. १ ते १.५ मिलिमीटरचा भ्रूण घेते, त्याचा अक्ष कापून टाकते आणि स्क्युटेलमची, म्हणजे भ्रूणाच्या ढालीसारख्या भागाची, बाजू वर ठेवते. एमएस हा नेहमीचा पोषक मीडिया, लिटरला ३० ग्रॅम सुक्रोज, २ मिलिग्रॅम २,४-डी (ऑक्सिनसारखं काम करणारं संप्रेरक), पीएच ५.८, २५ अंश, अंधार. कॅलस, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा, भरभरून येतो. मग २,४-डी काढून कायनेटिनच्या (कोंब फुटायला मदत करणाऱ्या सायटोकायनिन संप्रेरकाच्या) मीडियावर उजेडात नेला की पांढरी, लव असलेली मुळं सुटतात. काही तुकड्यांवर हिरवे ठिपके येतात, आता कोंब फुटणार असं वाटतं आणि ते तिथेच थांबतात.

बुरशी-जिवाणूंचा त्रास नाही. जोडीला बॉबव्हाइट हा कल्चरमध्ये सहज दाद देणारा वाण लावला होता, त्याच मीडियावर त्याला छान कोंब येतात. म्हणजे मीडियात खोट नसावी. पण मला ज्यात बदल हवा आहे तो तांबेऱ्याला टिकणारा, शेतकऱ्यांनी आपलासा केलेला वाण आहे. तो सोडायला मन तयार होत नाही. संप्रेरकांचं प्रमाण बदलत राहू, की हा वाण दाद देणारच नाही असं धरून चालू?

कॅलसकाठी:

संप्रेरकांकडे नंतर येऊ. आधी सांगा, दोन्ही वाणांची मातृरोपं (ज्यांचे भ्रूण घेतलेत ती रोपं) एकाच जागी वाढवली होती का? आणि कॅलस दिसायला कसा आहे? ‘भरभरून येतो’ वाचून मला उलट काळजी वाटली.

गव्हांकुर:

बॉबव्हाइट ग्रोथ चेंबरमध्ये होता, माझा वाण शेतातल्या प्लॉटमधला. कॅलस दोन तऱ्हांचा आहे. बराचसा मऊ, पाणीदार, चिमट्यात धरला की लगदा होणारा. अधूनमधून घट्ट, दुधी-पिवळसर, गाठीगाठींचा.

कॅलसकाठी:

मग फरक वाणाचा आहे असं अजून म्हणताच येत नाही ताई. दोन वाण, दोन जागा. वाणाचा परिणाम कुठला आणि उन्हाचा कुठला, हे वेगळं कसं काढणार? कडधान्यं असोत की तृणधान्यं, मातृरोपाची तब्येत कल्चरमध्ये उतरते. फुलोऱ्याच्या वेळी उष्णता लागली, पाण्याचा ताण पडला किंवा औषधाची फवारणी झाली की भ्रूण वरून ठीक दिसतो, पण कॅलस पाणीदार येतो. शिवाय उन्हात दाणा लवकर भरतो, त्यामुळे तेवढ्याच दिवसांत शेतातला भ्रूण पुढे निघून गेलेला असतो. दिवस मोजू नका, भ्रूण बघा. स्क्युटेलम पारदर्शकपणा सोडून दुधी व्हायला लागतो, ती वेळ साधायची.

दुसरं, तो पाणीदार कॅलस सरळ फेकून द्या. जीव तुटतो, पण त्यातून रोप येत नाही. तो जोरात वाढतो आणि चांगल्याला झाकून टाकतो. सबकल्चर करताना (ताज्या मीडियावर हलवताना) फक्त गाठींचे तुकडे उचला आणि फार काळ २,४-डीवर ठेवू नका. कॅलस जितका जुना, तितकी कोंबाची क्षमता कमी आणि गुणसूत्रांतले बदल जास्त. एडिटिंगच्या कामात हे नको असलेले बदल फार त्रास देतात, कारण नंतर रोपातला फरक तुमच्या एडिटमुळे आहे की कल्चरमुळे, हेच कळत नाही.

एवढं झालं की मीडिया. कायनेटिनऐवजी झिअ‍ॅटिन हे दुसरं सायटोकायनिन वापरून बघा, ऑटोक्लेव्हनंतर गाळून घाला. कॉपर सल्फेट एमएसमध्ये अगदी नाममात्र असतं, ते वाढवल्यावर गहू आणि बार्लीत कोंब सुधारल्याचा अनुभव अनेकांचा आहे.

गुणसूत्र४२:

वर सांगितलंय ते आधी कराच. मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. एडिट तुमच्याच वाणात व्हायला हवा, पण तो कल्चरमध्ये तिथेच करायला हवा असं नाही. बॉबव्हाइट किंवा फिल्डर अशा सहज कोंब देणाऱ्या वाणात एडिट करा आणि बॅकक्रॉसने, म्हणजे आपल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून, तो आपल्या वाणात आणा.

अडचण गव्हाच्या स्वभावातच आहे. ए, बी आणि डी असे तीन जीनोम, त्यामुळे जनुकाच्या बहुधा तीन प्रती, आणि परिणाम दिसायला तिन्ही बदललेल्या हव्यात. संकरानंतर स्वपरागणाने गेलात तर तिन्ही ठिकाणी शुद्ध एडिट असलेलं रोप ६४ मध्ये एक. तेच डबल्ड हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकेरी संच दुप्पट करून मिळवलेलं शुद्ध रोप) केलंत तर ८ मध्ये एक. त्यासाठी परागकोशांच्या वाटेने जाऊ नका, गव्हात पांढरी, हरितद्रव्य नसलेली रोपं फार निघतात. गव्हाच्या फुलावर मक्याचे पराग टाका. मक्याची गुणसूत्रं पहिल्या काही विभाजनांत गळून जातात, २१ गुणसूत्रांचा भ्रूण उरतो. त्याला धड एंडोस्पर्म (भ्रूणाला पोसणारा दाण्यातला साठा) नसतो, म्हणून तो सोडवून मीडियावर वाढवायचा आणि रोपाला कोल्चिसीन देऊन गुणसूत्रं दुप्पट करायची. यात कॅलस लागतच नाही, आणि भ्रूण सोडवायचा हात तुमचा तयारच आहे.

वाण कल्चरमध्येच हवा असेल तर जीआरएफ४-जीआयएफ१ ही वाढीशी संबंधित दोन जनुकांची जोडणीही बघा. २०२० मध्ये आलेल्या कामात तिने गव्हात कोंबांचं प्रमाण खूप वाढलं, बाहेरून सायटोकायनिन न घालताही रोपं आली.

गव्हांकुर:

दोघांचे मनापासून आभार. मातृरोपांच्या जागेकडे या नजरेने पाहिलंच नव्हतं. आता दोन्ही वाण एकाच चेंबरमध्ये, एकाच दिवशी पेरते आणि गाठीचा कॅलस तेवढा पुढे नेते. समांतर फिल्डरमध्ये एडिट सुरू करते, म्हणजे वाणाने दाद दिली नाही तरी हंगाम वाया जाणार नाही. एक शेवटचं विचारते, ओंबीतले सगळे दाणे घेऊ का?

कॅलसकाठी:

मधल्या कणिशकांचेच (ओंबीवरच्या दाण्यांच्या लहान गुच्छांचेच) घ्या. गव्हात फुलोरा ओंबीच्या मध्यापासून सुरू होतो, टोकाचे आणि तळाचे दाणे मागे असतात. त्यातही प्रत्येक कणिशकातले बाहेरचे दोनच. मग एका प्लेटमधले भ्रूण एका वयाचे येतात आणि निकाल वाचता येतो. पहिल्या सबकल्चरनंतर इथे फोटो टाका.