मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ च्या अवयवांमध्ये १२८ कुठून येतो?

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ संख्या वाटायची, पण १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७. मी कागदावर गुणून पाहिलं, बरोबर येतं.

६४१ ने भाग का जातो, तेही कळलं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि तोच ६२५ + १६ सुद्धा! या दोन रूपांवरून चार ओळींत सिद्धता होते. फारच देखणी आहे.

अडलोय पुढे. समजा प हा या संख्येचा मूळ अवयव आहे. मग २ च्या ३२व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ उरते, ६४व्या घाताला १. म्हणजे २ ची कोटी (ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ उरते तो) ६४, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (२ च्या प−१व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १) प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. इथपर्यंत ठीक.

पण पुढे गणितज्ञ ल्युकाने दाखवलं म्हणतात की प−१ ला १२८ नेही भाग जातो. हा जास्तीचा २ कुठून आला? प हा ८क+१ रूपाचा असल्याने २ हा कुठल्यातरी संख्येचा वर्ग ठरतो (प च्या सापेक्ष, म्हणजे त्या वर्गाला प ने भागल्यावर बाकी २ उरते), असा इशारा एका टिपणात मिळाला. त्या वर्गमुळाची कोटी १२८ च का, हे कुणी पायरी न गाळता सांगेल का?

हे पटलं तर ६७,००,४१७ मूळ आहे हे तपासायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या १२८क+१ रूपाच्या मूळ संख्यांनी, म्हणजे २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ ने, एवढेच भागाकार पुरतील ना? की माझी यादी चुकतेय?