मावशीकडे फारसं काहीच नाही, तरी विल करायला हवं का? (मदत हवी आहे)

कळव्याची_भाची

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

प्रश्न माझ्या मावशीचा आहे. वय 67, कळव्याला खारीगावात भाड्याच्या वन आरकेमध्ये एकटी राहते. काका 2003 मध्ये गेले, मूलबाळ नाही. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला होती, ती बंद पडल्यावर घरी शिवणकाम सुरू केलं, ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे युनिफॉर्म, त्यावर आजपर्यंत कुणाकडे हात पसरला नाही. स्वतःचं घर नाही, गावाला तिच्या नावावर काही नाही. आहे ते सगळं सांगते म्हणजे नीट सल्ला देता येईल. एका सहकारी बँकेत तीन एफडी मिळून 4 लाख 80 हजार, पोस्टात थोडेफार, घरमालकाकडे 50 हजार डिपॉझिट, आजीने दिलेल्या दोन पाटल्या, एक नथ, लोखंडी कपाट आणि उषाची पायमशीन. बस, एवढंच.

गेल्या श्रावणात तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स पार 22 हजारांवर आल्या, आठ दिवस ॲडमिट होती. पैसे लागले म्हणून तिने मला घरी पाठवलं, म्हणाली कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे तो घेऊन ये. डबा उघडला तर आत तिन्ही एफडीच्या पावत्या, प्रत्येकीला वहीच्या कागदाची चिठ्ठी टाचणीने टोचलेली, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. एकीवर 'भाडं', एकीवर 'आजारपण' आणि तिसरीवर 'शेवटचं'. मी ती तिसरी हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले, किती वेळ ते आठवत नाही. आणि तिन्ही पावत्यांवर नॉमिनी कोण तर काका. जे जाऊन 22 वर्षं झाली.

आता मावशी ठणठणीत आहे, पण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. मी विषय काढला की म्हणते, "अगं विल बंगलेवाल्यांनी करायची, माझी दोन पातेली आणि मशीन, त्याला काय लिहायचंय? तूच बघ सगळं नंतर." वर हेही, की असलं लिहून ठेवलं की माणूस फार दिवस राहत नाही.

पण तिच्या मनात काय आहे ते मला माहितीये, कारण बोलता बोलता तिने कितीदा सांगितलंय. मशीन खालच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायची, ती दहावीपासून मावशीकडे बसून शिकलीये आणि आता स्वतः ऑर्डरी घेते. एक पाटली मला, एक मामाच्या मुलीला. 'शेवटचं'मधून दिवसकार्याचं भागवून जे उरेल त्यातून जवळच्या पालिकेच्या शाळेतल्या मुलींना वह्या, कारण तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली.

काकांकडचे म्हणजे एक दीर आणि एक नणंद. काकांच्या तेराव्यानंतर तिला "आता तुझं इथे काय" असं तोंडावर सांगून त्या घरातून काढलं, त्यानंतर एक फोन नाही की दिवाळीला चौकशी नाही.

तर विचारायचंय असं की एवढ्याशा गोष्टींसाठी विल लागतं का, की नुसता नॉमिनी बदलला तरी चालेल, आणि विल करायचं तर वकील, स्टॅम्पपेपर, रजिस्ट्रेशन हे सगळं लागतं का की मी घरी लिहून तिची सही घेतली तरी पुरे? माझा भाऊ म्हणतोय तू यात पडू नकोस, लोक म्हणतील म्हातारीच्या पैशांवर डोळा आहे. मला तिचं काही नको. पण डोळ्यात तेल घालून रात्री-रात्री शिवून जमवलेलं कुणाच्या हातात जावं हे तिने ठरवावं, दुसऱ्या कुणी नाही, एवढंच वाटतं.

घंटाळीकर

विल कराच ताई. आमच्या मजल्यावरचे काका गेले, बँकेत दोन लाखच होते, नॉमिनी नव्हता, काकू वर्षभर खेटे घालत होत्या. रक्कम छोटी असली की उलट जास्त त्रास, कारण वकिलावर खर्च करायला परवडत नाही आणि सोडूनही देववत नाही.

कोर्टनाका_वकील

मी ठाणे कोर्टात वकिली करतो, वारसाची प्रकरणं रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या मावशींच्या बाबतीत 'थोडंच आहे' हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे की विल नसेल तर ते कुणाला जातं. त्या हिंदू असाव्यात असं धरतो. हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 15 बघा. मूलबाळ नसलेली विधवा विल न करता गेली तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीचे पहिले वारस तिचे आईवडील नाहीत, भावंडं नाहीत, भाची तर नाहीच, तिच्या नवऱ्याचे वारस. म्हणजे सासू-सासरे हयात नसतील तर ते दीर आणि ती नणंद, निम्मं निम्मं. 22 वर्षांत फोन केला की नाही हे कायदा विचारत नाही. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं होतं, लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घालवून दिलं, बाई माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली, पैसे जमवले, आणि शेवटी ते सासरकडच्यांना मिळाले, कारण कलमाची भाषा तशी आहे. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेच बायकांना, खास करून हिंदू बायकांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलंय ते याचसाठी.

पाटल्यांचं थोडं वेगळं आहे. आईवडिलांकडून वारसाहक्काने आलेली वस्तू, मूल नसेल तर, माहेरकडे परत जाते. पण आजीने त्या हयातीत हातात घातल्या असतील तर ते बक्षीस झालं, वारसा नाही, मग त्याही सासरच्या वाटेला. म्हणजे विल नसेल तर मशीनसुद्धा त्या मुलीला कायद्याने मिळत नाही, कुणी आडवं आलं तर तिला ती परत करावी लागेल.

नॉमिनीबद्दल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण तो ते वारसांसाठी सांभाळतो. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने हे 1983 मध्ये सांगितलं, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल 2023 च्या डिसेंबरमध्ये. तुम्ही नॉमिनी झालात आणि विल नसेल, तर पैसे तुम्हाला मिळतील आणि उद्या दीर ते तुमच्याकडे मागू शकतील. म्हणून दोन्ही करा.

आता विल कसं करायचं. साधा कागद चालतो, मराठीत चालतं, हाताने लिहिलेलं चालतं, स्टॅम्प ड्यूटी शून्य. भारतीय वारसा कायदा 1925, कलम 63. मावशींनी सही करायची आणि निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघून स्वतः सह्या करायच्या. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असायची गरज नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, केलं तर दुय्यम निबंधकाकडे फी 100 रुपये आणि वर किरकोळ, माझ्या मते तुमच्या केसमध्ये कराच, कारण दीर उद्या सही खोटी म्हणू शकतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, तुम्ही घरी लिहून सही घेऊ नका. ज्याला मिळणार आहे त्यानेच विल करवून घेण्यात पुढाकार घेतला तर कोर्ट संशयाने बघतं आणि तो संशय त्यालाच दूर करावा लागतो, 1958 पासून हे ठरलेलं आहे. मावशींना अक्षर येतं ना? त्यांनाच लिहू द्या, चुका झाल्या तरी हरकत नाही. तुम्ही आणि मामाची मुलगी, दोघी त्या वेळी खोलीत नको, साक्षीदारही नको. त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडून 'पूर्ण शुद्धीत आहेत, समजून-उमजून बोलतात' असं लेटरहेडवर घ्या. कायद्याने बंधन नाही, पण भांडण झालं तर तोच कागद उपयोगी पडतो. शेवटी एक ओळ हवीच, 'वर न लिहिलेलं माझं जे काही असेल किंवा पुढे येईल ते अमुक हिला.' ही नसली तर घरमालकाकडच्या डिपॉझिटसारखी विसरलेली गोष्ट पुन्हा कलम 15 मध्येच जाऊन पडते. दिराला का देत नाही हे दोन वाक्यांत त्यांच्या शब्दांत लिहिलं तर फार चांगलं.

बँकेतली_ताई

वकीलदादांनी सगळं सांगितलंच आहे. बँकेचं एवढंच की नॉमिनी प्रत्येक एफडीला वेगळा असतो, एका पावतीचा बदलला म्हणजे तिन्हीचा बदलला असं होत नाही, फॉर्म तीन भरा आणि पोच घ्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून. पोस्टाचं तिथे जाऊन वेगळं करायला लागेल. काउंटरला रोज बघते मी हे, वारलेला नवरा नॉमिनी म्हणून तसाच, कुणाला आठवतच नाही.

चरईचा_मुलगा

माफ करा मध्येच विचारतोय. माझ्या बाबांची चरईत पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेली, जुन्या भाड्याची) खोली आहे, ती त्यांना विलमध्ये मला देता येईल का? मी सध्या डोंबिवलीला राहतो.

कोर्टनाका_वकील

नाही. पागडीचा भाडेहक्क विलने देता येत नाही, भाडेकरू वारताना त्याच्यासोबत कुटुंबातलं जे कोणी राहत असेल त्याच्याकडे जातो. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

नेरूळ_सेक्टर

ताई, कायद्यातलं मला कळत नाही पण स्वतःवर आलेलं सांगते. माझ्या आईने फार छान विल केलं होतं, लिफाफा चिकटवून माझ्याकडे दिला, मी जाऊ दे म्हणून कधी विचारलं नाही. ती गेल्यावर दहाव्यानंतर उघडला तर पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं, माझं देहदान करा. तोवर आम्ही अंत्यसंस्कार करून मोकळे झालो होतो. अजून तो कागद हातात घेववत नाही मला. मावशींच्या मनात नेत्रदान, देहदान, दिवसकार्य साधं करा, असलं काही असेल तर ते विलमध्ये नको, आत्ताच तोंडाने विचारून घ्या आणि चार जणांना सांगून ठेवा. तसंही देहदानाला शेवटी घरच्यांचीच संमती लागते. आणि साक्षीदार मावशींपेक्षा बरेच लहान बघा, आमच्या आईचे दोन्ही साक्षीदार तिच्याच भजनी मंडळातले, एक आधीच गेले होते.

कळव्याची_भाची

सगळ्यांचे खूप आभार. वकीलदादा, तुमचं उत्तर मी काल रात्री मावशीला मोबाईलवर वाचून दाखवलं. दीर-नणंद निम्मं निम्मं इथपर्यंत आले आणि तिने हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला. म्हणाली पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग एकदम, "माझी मशीन जाणार त्यांच्याकडे?" पैशांचं नाही, पाटल्यांचंही नाही, पहिलं मशीनचं. ती मशीन तिने काका गेल्यावर मंगळसूत्राच्या वाट्या मोडून घेतली होती, हे मला 41 वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं.

आज सकाळी स्वतःहून फोन, दोनशे पानी वही आण म्हणून. मी दादांनी सांगितलं तसं बजावलं, तूच लिही, मी त्या दिवशी घरी येणारच नाही. साक्षीला खालच्या दुकानातला मुलगा आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या शाळेतल्या बाई, दोघंही चाळिशीच्या आत, दोघांना यातलं काही मिळणार नाही. डॉक्टर रविवारी सकाळी देतो म्हणालेत, आणि त्या आठवड्यात रजिस्ट्रेशन. तिन्ही एफडीचे फॉर्म उद्याच भरतोय. देहदानाचं विचारलं, तर नको म्हणाली पण डोळे द्या म्हणाली, ते मामाला आणि शेजारी दोघींना सांगून झालं.

एक शेवटचं. विलमध्ये 'माझी शिलाई मशीन' एवढंच लिहिलं तर पुरेल ना, की अजून काही लिहायला हवं? तिच्याकडे एक जुनी हातमशीनपण आहे माळ्यावर, बंद पडलेली.

कोर्टनाका_वकील

दोन आहेत म्हटल्यावर ओळख पटेल असं लिहा. 'उषा कंपनीची पायाने चालवायची, लाकडी टेबलाची, खिडकीजवळची.' आणि मशीनचा नंबर असेल तर तोही घाला.

घंटाळीकर

आमच्या आईच्या मशीनचा नंबर खालच्या पट्टीवर कोरलेला होता, वर्षांच्या तेलाखाली दिसतच नव्हता. जरा रॉकेलचा बोळा फिरवून बघा.