पन्नास वर्षं हा फक्त किमान आकडा

"लेखक वारल्यावर ५० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं" असं कॉपीराइटबद्दल एकांनी म्हटलंय. ५० वर्षं ही बर्न करारातली (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) किमान मुदत. त्यापेक्षा जास्त द्यायला देशांना मुभा आहे आणि अनेकांनी ती घेतलीय: भारतात ६०, युरोपीय संघात ७०, मेक्सिकोत तर १००! मोजणी मृत्यूच्या तारखेपासून नाही, पुढच्या १ जानेवारीपासून. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो नंतर जाईल त्याच्यापासून.

अमेरिकेचा हिशोब आणखी वेगळा. तिथे १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या कृतींना प्रकाशनापासून जास्तीत जास्त ९५ वर्षं. त्यामुळे एकच पुस्तक एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात बंद, असं सर्रास घडतं.

लोक खरे फसतात ते अनुवादात. मूळ कादंबरी मुक्त झाली म्हणून तिचा अलीकडचा अनुवाद उचलून कुठेही टाकता येत नाही. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, त्याची मुदतही वेगळी. नव्या प्रस्तावनेचं आणि चित्रांचं तेच.

आता माझं मत. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात नव्या पुस्तकाला १४ वर्षं होती, लेखक हयात असेल तर आणखी १४. आज कुणी तिसाव्या वर्षी लिहिलं आणि ऐंशीव्या वर्षी वारला, तर ७०च्या हिशोबाने १२० वर्षं कुलूप! एवढ्या काळात वारसही सापडत नाहीत, मग परवानगी मागायची कुणाकडे?