पाठमोरे सैनिक पळत पळत गोळ्या झाडतात तो पार्लरमधला गेम कोणता? कॅबल की जी.आय. जो? (जुने इंदूरवाले या जरा)

रामबागेचा_बंड्या
नमस्कार मंडळी, जरा मदत करा, घरात भांडण पेटलंय. नव्वदच्या दशकात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेमवाला होता, एक शटर, आत चार-पाच मशीन आणि एक टेबल फॅन जो फक्त मालकाकडे वळायचा. मुस्तफाच्या (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स गेमच्या) मशीनवरून मोठी पोरं हटायचीच नाहीत म्हणून आमची गँग कोपऱ्यातल्या मशीनवर. त्यात सैनिक पाठमोरे दिसायचे म्हणजे आपण त्यांच्या मागे उभे आहोत असं, आणि ते पडद्याच्या आतमध्ये पळत सुटायचे, समोरून टँक, हेलिकॉप्टर, सगळं अंगावर येतंय, आणि अधिकच्या चिन्हासारखा नेम फिरवायचा. एक जण तोंड पूर्ण झाकलेला, एक लाल केसांची बाई, एक धिप्पाड काळा माणूस. मला पक्कं आठवतंय की हे लोक टीव्हीवरच्या कार्टूनमधले होते. माझा दादा म्हणतो की तो गेम कॅबल होता आणि मी कार्टून उगाच त्यात घुसडतोय. पैज लागलीये, हरेल त्याने छप्पन दुकानवर (इंदूरची खाऊगल्ली) सगळ्या खानदानाला हॉट डॉग खिलवायचा, आणि आमचं खानदान खातं भरपूर. दुसरं म्हणजे हा गेम आता घरी खेळता येईल का? मुलाला दाखवायचाय.

सेव_जास्त_टाक
अरे भिया यात विचारायचं काय, लाल केसांची बाई म्हणजे स्कार्लेट, तोंड झाकलेला स्नेक आइज, धिप्पाड तो रोडब्लॉक आणि चौथा पिवळ्या केसांचा ड्यूक. हा कोनामी कंपनीचा जी.आय. जो, त्याच नावाच्या कार्टूनवरचा, 1992 चा. चौघंच घेता येतात, बाकी टीम नाही. साधी मशीनगन कितीही चालवा संपत नाही, पण मिसाइल मोजकी, ती उधळायची नाहीत, मोठं काही आलं की मगच. आणि समोरचं जवळजवळ सगळं फुटतं, तीच तर मजा होती. कार्टूनमध्ये उलट होतं, आठवा, इतका गोळीबार व्हायचा पण लेझर कुणालाच लागायचं नाही, आपले लाल मारायचे, कोब्रावाले (व्हिलनची टोळी) निळे, आणि विमान पडलं की आधी त्यातून छत्री उघडून माणूस बाहेर. लहान पोरांचं कार्टून म्हणून कुणाला मरू द्यायचं नाही असा सगळा मामला. पार्लरमध्ये येऊन ती भूक भागायची आमची 😄
दादाला सांग खिसा मोकळा कर.

जुना_टोकनवाला
थांबा थांबा, दादाला इतक्यात बुडवू नका. कॅबल पण पाठमोराच होता आणि इंदुरात मी स्वतः खेळलोय. फरक सांगतो, त्यावरून बंड्याने ठरवावं. कॅबल 1988 चा, टॅड नावाच्या जपानी कंपनीचा. त्यात तुमचा माणूस पुढे जातच नाही, पडद्याच्या खालच्या पट्टीत डावी-उजवीकडे फिरतो, समोर एक मैदान, बिल्डिंगा, मागून शिपाई येतात. आणि त्यातली गोम अशी की गोळीचं बटण दाबून धरलं की माणूस जागेवर उभा राहायचा आणि फक्त नेम हलायचा, बटण सोडलं तरच माणूस पळणार. म्हणजे एक तर मारा नाही तर वाचा, दोन्ही एकदम नाही. नवीन पोरगं इथेच मरायचं, दाबून धरायचं आणि समोरून बॉम्ब येताना नुसतं बघत बसायचं. दुसऱ्या बटणाने ग्रेनेड. राउंड संपला की उरलेल्या बिल्डिंगा कोसळायच्या आणि आपला हीरो कंबर हलवत आत निघून जायचा. ही चाल एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. जी.आय. जो मध्ये तसं नाही, तिथे दांडी हलवली की माणूस आणि नेम दोन्ही बरोबर सरकतात, आणि रस्ता आपोआप पुढे पळतो, तुम्ही थांबायचं म्हटलं तरी थांबत नाही.
तर बंड्या, दादाला एकच विचार, तो हीरो शेवटी नाचायचा का? हो म्हणाला तर दादा कॅबलच खेळलाय, पण तुझ्या मशीनवर नाही.
(नॅम-1975 पण त्याच जातीचा, एसएनकेचा, 1990 चा, तो व्हिएतनामवर. आणि ऑपरेशन वुल्फमध्ये तर मशीनवरच बंदूक बसवलेली. इतके सारखे गेम होते की गोंधळ होणारच.)

रामबागेचा_बंड्या
टोकनवाले काका मानलं तुम्हाला 🙏 फोन लावला, दादा म्हणाला "हो ना, शेवटी मटकत जायचा तो". आणि लगेच म्हणतो ते मशीन राजवाड्याला नव्हतंच, मल्हारगंजात मित्राच्या घराजवळ होतं. म्हणजे दोघं वेगळ्या दुकानात वेगळा गेम खेळलो आणि इतकी वर्षं एकाच गेमवर भांडतोय. आई म्हणते अर्धा-अर्धा खर्च करा आणि गप्प बसा.
पण स्कार्लेट, स्नेक आइज वाचून अंगावर काटा आला यार, तेच ते. आता घरी कसा खेळायचा ते सांगा.

पलासियाची_ताई
मला गेमचं काही कळत नाही, पण ही नावं वाचून राहवलं नाही. माझ्या भावाकडे यातल्या बाहुल्या होत्या (त्याला बाहुली म्हटलं की चिडायचा, "फिगर" म्हण म्हणायचा). आपल्याकडे त्या फनस्कूलच्या मिळायच्या, म्हणजे टायरवाल्या एमआरएफने अमेरिकेच्या हॅस्ब्रोबरोबर काढलेली कंपनी. बोटाएवढा माणूस, गुडघे, कोपर, सगळं वळायचं, आणि सगळं पोटातल्या एका रबरी रिंगवर उभं. ती रिंग सुकून तुटली की कंबरेपासून दोन तुकडे, वर धड एकीकडे, पाय एकीकडे, मधोमध धातूचा छोटा हूक लोंबकळतोय. भाऊ रडून घर डोक्यावर घ्यायचा. शेवटी आमच्या बाबांनी सियागंजातून नळाच्या कामाची बारीक रिंग आणली आणि पाठीचा स्क्रू उघडून आतला हूक त्यात अडकवला, झाला जवान उभा. मात्र त्यानंतर तो जरा ताठच चालायचा. आता म्हणे परदेशात लोक आपल्या फनस्कूलच्या माणसांवर जीव टाकतात, कारण आपल्याकडच्यांचे रंग भलतेच असायचे, तिकडच्यासारखे नाहीत. आणि आमच्या आईने दिवाळीच्या साफसफाईत अख्खा डबा कामवालीच्या मुलाला दिला. चांगलंच केलं म्हणा, तो खेळला तरी.

सेव_जास्त_टाक
ताई 😭😭 डबा.
बाय द वे कोब्रा कमांडरचा किरकिरा आवाज आणि ट्रान्सफॉर्मर्समधल्या स्टारस्क्रीमचा आवाज एकाच माणसाचा, क्रिस लाटा. एकदा कळलं की दोन्ही कार्टून बघताना हसू येतं.

सिल्व्हर_मॉल_रिपेअर
बंड्या, मुद्द्याचं बोलतो. हा गेम घरच्या कुठल्याच कन्सोलवर कधी आला नाही. निन्टेन्डोवर जी.आय. जो च्या नावाचे दोन गेम होते पण ते वेगळे, आडवे पळायचे. तर आता दोनच रस्ते, एक तर मशीनच्या आतला खरा बोर्ड शोधा नाही तर मेम नावाचं सॉफ्टवेअर.
बोर्डचं विसर. मिळाला तरी महाग, शिवाय त्याच्यासाठी कॅबिनेट हवं. आणि हा मुळात चार जणांचा गेम, आपल्याकडची लोकल सुतारकामाची कॅबिनेटं बहुतेक दोन जणांची. सगळी जामा वायरिंगवर (बोर्ड कॅबिनेटला जोडायची ठरलेली पट्टी) चालायची, त्या पट्टीला छप्पन पिना (हो, छप्पन, आपलीच दुकानं मोजून बनवली असावी) आणि त्यात दोनच खेळाडूंची सोय. तिसऱ्या-चौथ्यासाठी वेगळं कनेक्शन ओढावं लागतं, ते आपल्या पार्लरवाल्याने कशाला केलं असतं, त्याला दोन खेळाडूंत पण धंदा होतोच. तेव्हा बंड्या, तू चौघांना एकदम खेळताना बघितलं नसशील, निवड चौघांतून पण उभे दोघंच.
मेम म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, 1997 पासून चालू आहे, फुकट आहे आणि 2016 पासून पूर्ण ओपन सोर्स. साधा ऑफिसचा लॅपटॉप भरपूर झाला, रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) वर पण चालेल. अडचण रॉमची (म्हणजे गेमची फाइल), ती कोनामीची मालमत्ता, मी इथे लिंक देणार नाही आणि कुणी देऊ पण नये, थ्रेड उडेल. एवढंच लक्षात ठेव की रॉम आणि मेमची आवृत्ती जुळायला लागते, जुनं रॉम नवीन मेमवर टाकलं की फाइल सापडत नाही म्हणून बोंब मारतं आणि लोक लॅपटॉपला शिव्या देतात.
बटणं: 5 दाबलं की नाणं पडतं, 1 ने सुरू, बाण, कंट्रोलने गोळी, ऑल्टने मिसाइल. टॅब दाबला की मेनू, तिथे सगळं बदलता येतं.

रामबागेचा_बंड्या
5 दाबलं की नाणं पडतं 😂 म्हणजे आता फुकट कितीही? मुलाला कसं सांगू की आम्ही एका रुपयासाठी आजोबांच्या मागे किती लागायचो. दोघं एकाच कीबोर्डवर खेळू शकतो ना?

सिल्व्हर_मॉल_रिपेअर
दोघं कसेबसे. स्वस्त कीबोर्डला एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त बटणं दाबली की तो काही दाबलेली खातो, तू उजवीकडे पळतोयस, मुलगा गोळी मारतोय आणि गोळी सुटतच नाही, मग बापलेकात भांडण. दोन यूएसबीचे गेमपॅड घे, साधे चालतात, जेल रोडला मिळतील, फक्त दुकानातच लावून बघ कारण काहींची दांडी आपोआप एका बाजूला सरकते आणि या गेममध्ये दांडीवरच नेम, म्हणजे ड्यूक सतत भिंतीकडे जाऊन उभा. दादा आणि त्याची पोरं पण येणार असतील तर चार घे आणि एक यूएसबी हब, पण रॉम चार खेळाडूंचं आहे की दोन ते आधी बघ, दोन्ही प्रकार असतात.

जुना_टोकनवाला
आणि अनलिमिटेड नाणं देऊ नका हो पोराला. आधी एक ठरवा, पाच नाणी झाली की उठायचं. नाहीतर दहा मिनिटांत 5 बडवत बडवत शेवटपर्यंत जाईल आणि म्हणेल बाबा, यात आहे काय.